रुंद रिमवर ताणून बसविलेल्या टायरमधील हवेची गळती : तपासणी व उपाय

जुन्नर व आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत शेतमालाची वाहतूक आता बहुतांशी हवेच्या टायरवरच होते. नारायणगावच्या बाजारात येणारा टोमॅटो, सातगाव पठारावरून मंचरकडे उतरणारा बटाटा, ओतूर व आळेफाटा येथे विक्रीस येणारा कांदा, तसेच विघ्नहर व भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांकडे जाणारा ऊस, हा सर्व माल ट्रॅक्टरची ट्रॉली, पिकअप गाडी किंवा टायरची बैलगाडी यांतून जातो. बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले ते सायकलीसाठी. पुढे त्याच टायरने शेतकऱ्याच्या गाडीचे लाकडी चाक व लोखंडी धाव हटविली. ओढण्याचे श्रम कमी झाले, बैलांच्या मानेवरचे हिसके कमी झाले व एका खेपेत अधिक माल जाऊ लागला. परंतु हे सर्व फायदे टायरमध्ये योग्य तेवढी हवा असेपर्यंतच मिळतात.

अलीकडे अशी तक्रार वारंवार ऐकू येते की, टायरला पंक्चर नाही, व्हॉल्व्ह नवा आहे, तरीही दर दोन दिवसांनी हवा भरावी लागते. अशा चाकांची नीट पाहणी केली असता पुष्कळदा असे दिसते की, टायर अरुंद आहे व रिम त्याच्या मानाने फार रुंद आहे. टायर रिमवर ताणून बसविलेले असते. अशा टायरमधील गळती केवळ ठिगळ लावून थांबत नाही, कारण तिचे मूळ टायर व रिम यांच्या न जुळणाऱ्या मापात असते. अशी गळती कशी ओळखावी, साध्या गळतीपासून ती निराळी कशी काढावी व तिच्यावर कोणते उपाय करावेत, याची माहिती या लेखात दिली आहे.

अशी जोडी का जमविली जाते

याची कारणे तीन आहेत. पहिले कारण काटकसरीचे. मोठे टायर झिजले की जुन्या बाजारात स्वस्त मिळालेले लहान रुंदीचे टायर त्याच रिमवर चढविले जाते. व्यास जुळला म्हणजे सर्व जुळले, असा समज त्यामागे असतो. दुसरे कारण पिकाच्या ओळींचे. द्राक्षबागेत किंवा भाजीपाल्याच्या ओळींत ट्रॅक्टर फिरविता यावा म्हणून अरुंद टायर घेतले जाते, परंतु रिम जुनीच ठेवली जाते. तिसरे कारण हौसेचे. काही तरुण आपल्या जीप किंवा पिकअप गाडीस रुंद चकचकीत रिम बसवितात व तिच्यावर मूळचेच टायर ताणतात.

ओळींसाठी अरुंद टायर घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १६.९-२८ या टायरच्या १५ इंची रिमवर १३.६-२८ हे टायर बसविले, तरी चाक अरुंद होत नाही. रिम स्वतःच टायरपेक्षा रुंद असल्यामुळे ओळीत तिचीच धार पुढे येते व वेलीच्या खोडास लागण्याचा धोका तसाच राहतो. शिवाय टायरचा एकूण व्यास कमी झाल्याने चारही चाकांस जोर असलेल्या ट्रॅक्टरमध्ये पुढील व मागील चाकांचा मेळ बिघडतो. म्हणजे ज्या हेतूने बदल केला तो साधत नाही आणि गळती मात्र पदरी पडते.

टायर व रिम यांचे माप

ट्रॅक्टरच्या टायरवर १३.६-२८ असे अंक असतात. त्यांपैकी पहिला अंक टायरची रुंदी इंचांत दाखवितो व दुसरा अंक रिमचा व्यास इंचांत दाखवितो. रिमची रुंदी टायरवर लिहिलेली नसते. ती रिमवर कोरलेली असते, व येथेच बहुतेकांची चूक होते. दोन्ही टायर २८ इंची असले तरी त्यांना एकच रिम चालेल असे नाही.

रिमची रुंदी मोजताना बाहेरच्या टोकापासून बाहेरच्या टोकापर्यंत मोजू नये. टायर उतरवून रिमच्या दोन्ही उभ्या धारांच्या आतील अंगांमधील अंतर मोजावे. ट्रॅक्टरच्या मागील चाकांच्या नेहमीच्या मापांसाठी योग्य रिम पुढीलप्रमाणे आहेत :

टायर १२.४-२८ : रिमची रुंदी ११ इंच
टायर १३.६-२८ : रिमची रुंदी १२ इंच
टायर १४.९-२८ : रिमची रुंदी १३ इंच
टायर १६.९-२८ : रिमची रुंदी १५ इंच

यावरून दिसून येईल की, या टायरची योग्य रिम टायरच्या रुंदीपेक्षा सुमारे दीड ते दोन इंच कमी असते. पिकअप गाडीच्या टायरमध्ये हा फरक याहून अधिक असतो. २१५/७५ आर १५ या टायरची रुंदी २१५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे साडेआठ इंच असते व त्यासाठी ६ इंची रिम ही प्रमाण रिम होय. त्यावर ८ किंवा ९ इंची रिम वापरली की टायर ताणले गेलेच. इतर मापांसाठी कोणती रिम चालते हे टायर कंपनीच्या तक्त्यात व भारतीय टायर तांत्रिक सल्लागार समितीच्या प्रमाण पुस्तकात दिलेले असते. टायर विकणाऱ्या चांगल्या दुकानदाराकडे हा तक्ता मिळू शकतो. खरेदीपूर्वी तो पाहण्याचा आग्रह धरावा.

ताणलेल्या टायरमधून हवा का गळते

टायरच्या दोन्ही आतील कडांत पोलादी तारांचे कडे असते. या तारेच्या कडेने टायर रिमवर बसते. रिमवर या कडेसाठी किंचित उतरती बैठक केलेली असते व तिच्या बाहेरच्या अंगास उभी धार असते. हवा भरली की तारेची कड बैठकीवर घट्ट बसते व उभ्या धारेस जाऊन टेकते. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये हवा अडविण्याचे सर्व काम या दोन कडाच करतात.

योग्य रिमवर टायरची बाजू कडेपासून निघून बाहेर फुगते. त्यामुळे बाजूचा ताण तारेच्या कडेस बाहेर, म्हणजे रिमच्या धारेकडेच ओढतो. हवेचा दाबही तिकडेच असतो. दोन्ही जोर एकमेकांस साह्य करतात. रुंद रिमवर मात्र टायरची बाजू कडेपासून निघून आतल्या अंगास, नक्षीच्या भागाकडे कलते. तेव्हा बाजूचा ताण कडेस आत ओढू लागतो व हवेचा दाब तिला बाहेर ढकलतो. हे दोन जोर परस्परांविरुद्ध उभे राहतात. कड बैठकीवर सपाट न बसता किंचित तिरपी होते व तिच्या आणि रिमच्या मध्ये केसाएवढी फट राहते.

हवेचा दाब पुरेसा असेपर्यंत ही फट दबलेली असते. दाब थोडा कमी झाला की ती उघडते, गळती वाढते, त्यामुळे दाब आणखी कमी होतो व फट आणखी उघडते. ट्रॅक्टरच्या मागील टायरमध्ये शेतातील कामासाठी साधारणतः १२ ते १६ पौंडच हवा ठेवतात. एवढ्या कमी दाबावर ताणलेल्या टायरची कड जागेवर राहणे कठीण होते. त्यात वळण घेताना किंवा उताराच्या कडेने चालताना बाजूने जोर आला तर कड रिमवरून निसटू शकते. भरलेली पिकअप गाडी माळशेज घाट उतरत असताना असे घडले, तर नुकसान केवळ टोमॅटोच्या क्रेटपुरते राहणार नाही.

ट्यूब असलेल्या टायरमध्ये कडेतून थेट गळती होत नाही. तरीही ताणलेल्या टायरची कड हलत राहिल्याने ट्यूब चिमटली जाते व घासून तिला भोक पडते. तसेच हवा कमी असताना टायर रिमवर गोल सरकते, आपल्याबरोबर ट्यूबलाही ओढते आणि व्हॉल्व्हची नळी बुडापासून फाटते. एकाच चाकाची नळी वारंवार फाटत असेल तर दोष ट्यूबचा आहे असे समजू नये.

तपासणीचा क्रम

गळतीचे कारण शोधताना पुढील क्रम पाळावा. सोप्या व नेहमी आढळणाऱ्या दोषांपासून सुरुवात केल्यास वेळ व खर्च वाचतो.

१. हवा मोजणे. गाडी चालविण्यापूर्वी सकाळी, टायर थंड असताना मापयंत्राने हवा मोजावी व आकडा वहीत टिपून ठेवावा. असे तीन दिवस एकाच वेळी करावे. दुपारी तापलेल्या टायरचा आकडा व पहाटेचा आकडा यांची तुलना करू नये. तपमान १० अंश सेल्सिअसने उतरले की ३५ पौंड हवेच्या टायरमध्ये सुमारे दीड पौंड घट दिसते, व ती गळती नव्हे. मार्गशीर्ष-पौषातील थंडीत ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. चांगल्या टायरमधूनही महिन्याकाठी एक-दोन पौंड हवा आपोआप कमी होते. परंतु तीन दिवसांत त्याहून अधिक घट झाली तर गळती आहे असे समजावे. टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेले असल्यास व्हॉल्व्ह वर आणून मगच हवा मोजावी.

२. व्हॉल्व्ह. टोपण काढून तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडावा. बुडबुडा फुगला तर आतील पिन सैल किंवा खराब आहे. नळी बोटाने चोहोबाजूंस हलवून तिच्या बुडाशीही साबणाचे पाणी लावावे.

३. नक्षीचा भाग. चाक जॅकवर उचलून सावकाश फिरवावे व खिळा, बाभळीचा काटा, काच यांचा शोध घ्यावा. काटा दिसताच उपसू नये. प्रथम त्याच्याभोवती साबणाचे पाणी लावून हवा येते काय ते पाहावे.

४. तारेची कड. चाक काढून जमिनीवर आडवे ठेवावे. टायर व रिम यांच्या सांध्यात सभोवार साबणाचे पाणी ओतावे व दहा मिनिटे थांबावे. बारीक गळतीचा फेस येण्यास वेळ लागतो. मग चाक उलटवून दुसरी बाजूही अशीच तपासावी.

५. रिम. जोडाची जागा, गंजलेला भाग, पोचा व तडा यांवर साबणाचे पाणी लावून पाहावे.

चाकात ट्यूब असेल तर सांध्यावरील बुडबुड्यांवर विसंबू नये. ट्यूबच्या भोकातून निघालेली हवा टायरच्या आत फिरून भलत्याच जागी बाहेर पडते. ट्यूब काढून, थोडी हवा भरून ती पाण्याच्या हौदात बुडवून पाहणे हाच खरा मार्ग होय.

ताण ओळखण्याच्या दोन कसोट्या

काठीची कसोटी : गाडी रिकामी व टायरमध्ये पूर्ण हवा असताना, एक सरळ काठी चाकाच्या बाहेरील अंगास, आसाच्या वरच्या भागात उभी टेकवावी. योग्य जोडी असेल तर काठी प्रथम टायरच्या फुगीर बाजूस लागते. काठी प्रथम रिमच्या धारेस लागली व टायर आत कललेले दिसले, तर टायर ताणलेले आहे. चाकाच्या खालच्या भागात ओझ्यामुळे टायर फुगते, म्हणून ही कसोटी तेथे करू नये.

खडूची कसोटी : टायर व रिम या दोहोंवरून एकच सरळ रेघ खडूने किंवा रंगाने ओढावी. एक दिवसाच्या कामानंतर पाहावे. टायरवरील रेघ व रिमवरील रेघ एकमेकींपासून सरकल्या असतील, तर कड रिमला धरून बसत नाही, हे सिद्ध झाले. मात्र केवळ हवा कमी असल्यानेही टायर असे सरकते. म्हणून हवा पुरेशी करून ही कसोटी पुन्हा एकदा घ्यावी.

लक्षणांचा अर्थ

बुडबुडे कडेच्या एकाच जागी येत असल्यास तेथे गंज, पोचा किंवा अडकलेला खडा असण्याचा संभव अधिक असतो. हा दोष दुरुस्त होतो.

बुडबुडे दोन्ही बाजूंनी, सभोवार थोडे थोडे येत असल्यास व काठीची कसोटी ताण दाखवीत असल्यास, दोष जोडीचा आहे.

दाब वाढविला की गळती थांबते व दाब उतरला की पुन्हा सुरू होते, असे आढळल्यासही दोष जोडीचाच समजावा.

गाडी उभी असताना हवा टिकते, परंतु भरून वळणावळणाच्या रस्त्याने आणल्यावर कमी होते, असे आढळल्यास ते चिन्ह सर्वांत धोक्याचे होय.

उपाय

ज्या गळतीचे कारण व्हॉल्व्ह, पंक्चर किंवा रिमचा गंज हे आहे, ती नेहमीच्या रीतीने दुरुस्त करावी. पिन बदलावी व टोपण नेहमी लावून ठेवावे. टायर उतरवून तारेच्या ब्रशने बैठकीवरील गंज, जुन्या रबराचे कण व रंगाचे पोपडे घासून काढावेत. पातळ रेड ऑक्साइड लावून ते पूर्ण वाळू द्यावे. टायर चढविताना कडेस साबणाचे पाणी लावावे. ग्रीस, डिझेल किंवा इंजिनाचे तेल कदापि लावू नये. त्यामुळे रबर खराब होते व टायर रिमवर सरकते.

ज्या गळतीचे कारण ताण हे आहे तिच्यावर खरा उपाय एकच, तो म्हणजे टायर व रिम यांची योग्य जोडी जमविणे. टायर झिजत आले असेल तर नवे टायर रिमच्या मापाचे घ्यावे. टायर नवे असेल तर रिम बदलणे स्वस्त पडते. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या मागील चाकाची रिम मधल्या तबकडीस बोल्टने जोडलेली असते. अशा वेळी संपूर्ण चाक न घेता केवळ रिम बदलून भागते. उतरविलेली रुंद रिम चांगली असल्यास ती विकून काही रक्कम परत मिळू शकते. एकाच आसावरील दोन्ही चाके मात्र एकाच मापाची ठेवावीत.

जोडी बदलेपर्यंत अशा चाकावर ओझे वाहू नये व घाटात गाडी नेऊ नये. दररोज हवा भरून काम चालविणे हा उपाय नव्हे. कडेस चिकट लेप लावल्याने किंवा टायरमध्ये गळती बुजविणारे द्रव्य ओतल्याने बारीक खरखरीत जागा बुजते, पण तिरपी बसलेली कड सरळ होत नाही. ट्यूब नसलेल्या ताणलेल्या टायरमध्ये ट्यूब घातली तर गळती थांबल्यासारखी दिसते. परंतु कड निसटण्याचा धोका तसाच राहतो, आणि गळतीच्या रूपाने मिळणारी पूर्वसूचना मात्र नाहीशी होते. म्हणून हा मार्ग विशेष घातक समजावा.

जिवावर बेतणाऱ्या चुका

१. ताणलेल्या टायरची कड रिमवर बसत नाही म्हणून काही ठिकाणी टायरमध्ये पेट्रोल किंवा ज्वालाग्राही फवारा सोडून पेटवितात. या स्फोटाने टायर व रिम दोन्ही उडून माणूस दगावू शकतो. हा प्रकार कोणीही करू नये व दुसऱ्यास करू देऊ नये.

२. कड बसविण्यासाठी ट्रॅक्टरच्या टायरमध्ये ३५ पौंडांपेक्षा अधिक हवा भरू नये. तेवढ्यावर कड न बसल्यास हवा सोडावी, टायर सैल करून पुन्हा साबणाचे पाणी लावावे व नव्याने बसवावे. हवा भरताना लांब नळी वापरावी व चाकाच्या समोर न उभे राहता बाजूस, नक्षीच्या मागे उभे राहावे.

३. टायर चढविलेले असताना रिमवर वेल्डिंग करू नये. टायरमधील हवा सोडलेली असली तरीही उष्णतेने आत वायू तयार होऊन स्फोट होतो. टायर पूर्ण उतरवूनच काम करावे. तडा गेलेली रिम जोडून वापरण्यापेक्षा बदलणेच बरे.

४. टायर उतरविण्यापूर्वी व्हॉल्व्हची पिन काढून सर्व हवा जाऊ द्यावी. गाडी केवळ जॅकवर ठेवू नये. खाली भक्कम ठोकळा द्यावा व उरलेल्या चाकांना दगडाची उटी लावावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

ही माहिती तोंडी सांगण्यापेक्षा प्रत्यक्ष दाखविल्यास लवकर पटते. त्यासाठी महाग साहित्य लागत नाही. हवेचे मापयंत्र, साबण, बादली, हातभर सरळ काठी, खडू व मोजपट्टी एवढे पुरे. गावातील एखाद्या शेतकऱ्याची ट्रॉली व एखादी पिकअप गाडी बाजार नसलेल्या दिवशी सकाळी मागवावी. प्रथम जमलेल्या शेतकऱ्यांकडून टायरवरील व रिमवरील अंक वाचवून घ्यावेत. मग त्यांच्याच हातांनी काठीची कसोटी करवावी. शेवटी साबणाच्या पाण्याने कडा तपासाव्यात. गावातील पंक्चरच्या दुकानाच्या कारागिरासही अवश्य बोलवावे, कारण अखेर टायर चढविण्याचे काम त्याच्याच हातून होते. त्याच्या दुकानात टायर व योग्य रिम यांच्या मापांचा तक्ता लावता आल्यास प्रात्यक्षिकाचा उपयोग दीर्घकाळ टिकेल.

ज्या गाड्या सदोष आढळतील त्यांच्या मालकांना दोष न देता, कोणते माप बदलावयाचे ते कागदावर लिहून द्यावे. बाजारात गेल्यावर तोंडी सांगितलेले अंक आठवत नाहीत व पुन्हा चुकीचीच वस्तू घरी येते.

सारांश

टायर घेताना व्यासाबरोबर रिमची रुंदीही पाहावी. हवा सकाळी मोजावी व लिहून ठेवावी. गळती दिसल्यास व्हॉल्व्ह, नक्षी, कड व रिम या क्रमाने तपासावे. सभोवार गळणारी कड व आत कललेले टायर ही न जुळणाऱ्या जोडीची चिन्हे होत, व त्यांवर ठिगळाचा किंवा लेपाचा उपाय चालत नाही. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी व टोमॅटोच्या तोडणीची घाई येण्यापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या गाडीची चारही चाके एकदा काठी लावून पाहावीत. या कामास अर्धा तास लागतो.